पत्ता सांगणार नाही : आमरीचे शिकारी आणि त्यांची भांडणं

आडवाट (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात पावसाळी फोटोंच्या धाग्यावर मी एका आमरीचा फोटो टाकला होता. आईनाच्या खोडावरून लोंबणारा गुलाबी-पांढरा घोस, पहिल्या पावसात नुकता न्हालेला. कौतुक दोघांनी केलं, पत्ता अकरा जणांनी विचारला. मी सांगितला नाही. मग ‘जंगल काय तुमच्या आजोबांनी लावलंय का’पासून ‘फोटो नर्सरीतला दिसतोय’पर्यंत सगळं ऐकून घेतलं. दोघा सभ्य माणसांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं. त्यांनाही नाही सांगितला.

त्या रागात बरंच जुनं वाचलेलं वर आलं. आमरीचा, म्हणजे ऑर्किडचा, पत्ता लपवणं हा एकेकाळी मोठा धंदा होता. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या रोपवाटिकांनी ब्राझील, कोलंबिया, आसाम, ब्रह्मदेश, मोलुक्का असं कुठे कुठे माणसं धाडली. त्यांनी एकमेकांच्या मागावर राहून रोपं पळवली, खोट्या जागा छापून आणल्या, डोंगर ओरबाडले, आणि त्यातले कित्येक तिकडेच तापाने नाहीतर हगवणीने गेले.

सुरुवात १८१८ पासून करतो. विल्यम स्वेन्सन या इंग्रज संग्राहकाने ब्राझीलच्या पर्नांबुकू भागातून पाठवलेली काही रोपं लंडनजवळ बार्नेटला विल्यम कॅटली नावाच्या व्यापाऱ्याकडे पोचली. त्याच्या काचघरात एकाला तळहाताएवढं जांभळं फूल आलं. जॉन लिंडली या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२१ मध्ये तिचं नाव ठेवलं कॅटलिया लाबियाटा. ही रोपं दुसऱ्याच झाडांच्या खोक्यात भुशासारखी भरलेली होती आणि कॅटलीने ती हेरली, अशी गोष्ट जागोजागी छापलेली सापडेल. ती थाप आहे. स्वेन्सनने ती आमरी म्हणूनच पाठवली होती, ग्लासगोच्या बागेलाही पाठवली होती.

पुढे मौज अशी झाली की जंगलात ती पुन्हा कोणाला सापडेना. १८३६ मध्ये जॉर्ज गार्डनरला रिओजवळच्या गाविया डोंगराच्या कड्यावर एक जांभळी कॅटलिया दिसली. त्याला वाटलं, हीच ती. झालं, सगळे रिओकडे. ती निघाली दुसरीच. आणि पर्नांबुकू तिथून दीड हजार किलोमीटरच्याही पलीकडे! १८९० च्या आसपास खरी रोपं परत युरोपात आली तेव्हा सेंट ऑल्बन्सचा फ्रेडरिक सँडर आणि ब्रसेल्सचे लिंडन यांची जुंपली. लिंडननी ती ‘कॅटलिया वारोक्वेआना’ या नावाने नवीकोरी जात म्हणून बाजारात काढली. सँडर म्हणाला, कसली नवी, ही तर हरवलेली जुनीच. सँडर बरोबर होता. सत्तर वर्षं सगळे चुकीच्या पत्त्यावर दार ठोठावत होते.

हा सँडर म्हणजे या धंद्यातला दादा माणूस. ब्रेमेनचा जर्मन, इंग्लंडात येऊन स्थिरावलेला. त्याच्याकडे एका वेळी तेवीस शिकारी नोकरीला होते म्हणतात. त्यातला विल्हेल्म मिकोलिट्झ मला सगळ्यात जवळचा वाटतो, कारण तो सतत वैतागलेला असे. पूर्वेकडच्या बेटांवरून महिनोन्‌महिने खपून गोळा केलेला माल त्याने जहाजावर चढवला आणि मकासरच्या बंदरात ते जहाज पेटलं. त्याने तार केली, जहाज जळालं, काय करू? सँडरचं उत्तर दोन शब्दांत: परत जा, पुन्हा गोळा कर. त्याने कळवलं, उशीर झालाय, पावसाळा लागला. पुन्हा तार: परत जा.

गेला बिचारा. तिथे त्याला डेंड्रोबियमची एक सुंदर जात सापडली, तीही कुठे, तर माणसांच्या हाडांत, कवट्यांवर उगवलेली. उघड्यावर मृतदेह ठेवायची ती जागा. गावकऱ्यांची नाराजी आरसे आणि पितळी तार देऊन मिटवली. ऑक्टोबर १८९१ मध्ये लंडनच्या प्रोथेरो अँड मॉरिस या लिलावघरात त्यातलं एक रोप कवटीसकट विकलं. सोबत लाकडी मूर्ती.

आता मुद्द्याची गोष्ट. लंडनमध्ये हा माल न्यू गिनीचा म्हणून विकला गेला. इंडोनेशियात आज याच आमरीला ‘आंग्रेक लारात’ म्हणतात. लारात हे तनिंबार बेटांतलं एक बेट. न्यू गिनी तिथून समुद्रापलीकडे. प्रतिस्पर्ध्याने जहाज घेऊन न्यू गिनीला जावं आणि वर्षभर चिखल तुडवत फिरावं, यात सँडरचं नुकसान काय होतं?

या धंद्याचं गणित समजून घ्या, म्हणजे क्रूरपणा वेगळा समजावून सांगावा लागत नाही. रोप नवं आहे तोवर भाव. दुसऱ्याला जागा कळली की तोही शेकड्याने आणणार, भाव बसणार. म्हणून पहिल्याच खेपेला जेवढं निघेल तेवढं काढायचं. मागे काही राहिलंच नाही तर दुसऱ्याला पत्ता कळून उपयोग काय? अल्बर्ट मिलिकन या इंग्रजाने कोलंबियातल्या फिरस्तीवर १८९१ मध्ये पुस्तक लिहिलं. ओडोंटोग्लॉसम क्रिस्पम या एका जातीची सुमारे १०,००० रोपं दोन महिन्यांत काढली, त्यासाठी ४,००० झाडं तोडली, हे तो शेतातल्या उत्पन्नाचा आकडा सांगावा तसं सांगतो. आमरी वर फांदीवर असते. चढायचं कोण, त्यापेक्षा झाड आडवं करा.

खासी टेकड्यांचं अजून राहिलंय, पण हात दुखले. तोवर तुमचं येऊ द्या.

पाऊसपाणी

वाखूसा (वाचनखूण साठवली). कवटीचं वाचून रात्री झोप लागेना, त्याचं काय करायचं ते सांगा. आणि दुसऱ्या भागाला महिना लावू नका, तुमचा इतिहास आहे.

तिरका_डोळा

लेख छान. पण थोडं मीठ टाकतो. या मंडळींच्या गोष्टींत हटकून एक वाघ, एक नरभक्षक टोळी आणि एक पिस्तूल असतं. एकाने दुसऱ्याच्या रोपांवर मुतून ती नासवली, हे तर प्रत्येक लेखात येतं. या गोष्टी पसरल्याने फायदा कोणाचा होता? विकणाऱ्याचा. कवटीवरचं रोप कवटीसकट लिलावात मांडणारा माणूस शास्त्रज्ञ नाही, तो जत्रेतला तंबूवाला आहे. गोष्ट जितकी रक्ताळलेली, बोली तितकी वर.

मेले ते खरे मेले, ते मान्य. डेव्हिड बोमन १८६८ मध्ये बोगोटात हगवणीने गेला, गुस्ताव वॉलिस १८७८ मध्ये इक्वेडोरमध्ये. पण वाघाने नाही मारलं कोणाला. पाण्याने मारलं.

आडवाट

@तिरका_डोळा, हे पटलं. मुतण्याची गोष्ट सांगोवांगीची, म्हणूनच मी लेखात घेतली नाही. तुम्ही घेतलीत.

मात्र सगळं रंगवलेलं नव्हतं. बेनेडिक्ट रोझल हा चेक माणूस बघा. धागा काढायचं स्वतःच बनवलेलं यंत्र हवानात लोकांना दाखवत असताना त्याचा डावा हात त्यात गेला. त्यानंतर तो हाताच्या जागी लोखंडी आकडा लावून मेक्सिकोपासून पेरूपर्यंत आमरी गोळा करत हिंडला. प्रागमध्ये चार्ल्स चौकात त्याचा पुतळा उभा आहे. फुलं गोळा करणाऱ्याचा पुतळा! आपल्याकडे घोडा नसेल तर चौथरासुद्धा मिळत नाही.

कुंडीवाला

‘उशीर झालाय, पावसाळा लागला’ हे वाक्य लोक नुसतं वाचून पुढे जातील, म्हणून लिहितो. मी बाल्कनीत तीसेक आमरी वाढवतो (विकत घेतलेल्या, प्रयोगशाळेत वाढलेल्या, आधीच सांगतो).

डेंड्रोबियम, कॅटलिया यांच्या खोडाला फुगीर गाठी असतात. कोरड्या दिवसांत रोप वाढ थांबवून त्या गाठींतल्या साठ्यावर तग धरतं. तेव्हा ते झाडावरून सोडवून, आठवडाभर सावलीत सुकवून, लाकडाच्या कोरड्या ढलप्यांत भरून खोक्यात घातलं तर दोन-तीन महिन्यांचा बोटीचा प्रवास सहन करतं. पावसाळ्यात त्याच रोपाला नवे कोंब आणि कोवळी मुळं फुटलेली असतात. अशा वेळी खोक्यात भरलं की आठव्या दिवशी काळं पाणी आणि कुजका वास. मी एकदा कुरियरने जुलैत मागवण्याचा शहाणपणा केला होता. पाच रोपं आली, खोकं उघडायच्या आधीच कळलं होतं. मिकोलिट्झ रडत नव्हता, तो कारागीर होता आणि मालकाला काम शिकवत होता. मालकाला शिकायचं नव्हतं.

आणि जगून पोचलेल्यांचंही इंग्लंडात काय व्हायचं? ‘उष्ण कटिबंध’ एवढं ऐकून माळी त्यांना कोंडट, वाफाळलेल्या काचघरात ठेवत. अँडीजच्या धुक्यात वाढणाऱ्या आमरीला वाफेत कोंडणं म्हणजे महाबळेश्वरच्या माणसाला मे महिन्यात नागपूरला पत्र्याच्या खोलीत ठेवणं. मरायच्या. मग परत नवा माल. लपवलेल्या पत्त्याचा हाही भाग आहेच: उंची, ऊन, वारा यांची माहिती दिली तर जागा ओळखू येते, म्हणून तीही द्यायची नाही. गिऱ्हाईकाने रोप मारावं, दुसरं न्यावं.

अवांतर: आमरी बांडगूळ नाही. झाडावर राहते, झाडाचं खात नाही. गंमत म्हणजे ‘व्हँडा’ हे आमरीच्या एका गटाचं शास्त्रीय नाव संस्कृत ‘वंदा’वरून घेतलंय आणि वंदा म्हणजे बांडगूळच. गैरसमज जुना आहे.

दापोडीकर

वाचतोय. एक शंका: डेंड्रोबियम गिब्सोनी म्हणून जी आमरी आहे ती आमच्या दापोडीच्या सरकारी बागेच्या डॉ. गिब्सन साहेबांच्या नावाची का? म्हणजे आपल्याकडेही हे प्रकार झाले असणार.

आडवाट

@दापोडीकर, नाही, हा घोटाळा नेहमी होतो. दापोडीचे ते डॉ. अलेक्झांडर गिब्सन, मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. डाल्झेलबरोबर त्यांनी १८६१ मध्ये मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर मोठा ग्रंथ काढला. सरकारी माणूस, लिलावाशी संबंध नाही.

आमरीवाला तो जॉन गिब्सन, ड्यूक ऑफ डेव्हनशायरचा माळी. चॅट्सवर्थच्या काचघरासाठी ड्यूकने त्याला १८३५ मध्ये हिंदुस्थानात धाडलं. तो चेरापुंजीला राहून खासी टेकड्यांतून आमरींचा मोठा साठा घेऊन गेला. येताना कलकत्त्याच्या बागेतून ॲम्हर्स्टियाचं रोपही घेऊन गेला, लाल घोसांचं ते ब्रह्मदेशी झाड. ड्यूकचा जीव त्याच्यावर. पण चॅट्सवर्थला ते काही फुलेना, आणि १८४९ मध्ये फुललं ते ईलिंगला मिसेस लॉरेन्स नावाच्या बाईंच्या बागेत. सोसायटीतल्या गुलाबांच्या स्पर्धा यापुढे काहीच नाहीत.

आता खासीच निघालंय तर सांगून टाकतो. १८५० मध्ये जोसेफ हुकर (लंडनच्या क्यू या वनस्पती-बागेच्या संचालकांचा मुलगा, पुढे स्वतःही संचालक) तिथे होता. त्याने घरी पाठवलेल्या पत्रात कुरकुर केलीये: इथे जेंकिन्सची माणसं, सायमन्सची माणसं, कलकत्त्याच्या बागेच्या फाल्कनरची वीस-तीस, लॉबची वेगळी, शिवाय आणखी कोणाकोणाचे मित्र. रस्ते पिनांगच्या जंगलासारखे उघडे पडत चाललेत, मैलोन्‌मैल वादळ होऊन गेल्यासारख्या कुजक्या फांद्या आणि आमरी पसरलेल्या. फाल्कनरच्या माणसांनी परवाच १,००० टोपल्या खाली धाडल्या.

हा लॉब म्हणजे टॉमस लॉब, व्हीच या रोपवाटिकेचा शिकारी. म्हणजे एकाच टेकडीवर सरकारी बाग, खाजगी दुकान, हौशी साहेब, सगळे एकमेकांच्या टोपल्या मोजत बसलेले.

चेरापुंजी_रिटर्न

अहो, खासी टेकड्या म्हटल्यावर मला यावंच लागलं. यांच्या नोकरीमुळे आम्ही शिलाँगला चार वर्षं काढली. नार्तियांगचे ते उंच उभे दगड बघायला गेलो होतो, पुरुषभर नव्हे, दोन-तीन पुरुष उंच. गाडी चालवणारा मुलगा प्नार होता, जैंतिया टेकड्यांतलाच. वाटेत मी त्याला विचारलं, निळी व्हँडा कुठे बघायला मिळेल? तो हसला आणि म्हणाला, शिलाँगला सरकारी बागेत.

त्याची आजी म्हणे सांगायची, पूर्वी घराजवळच्या झाडांवर असायची. मी आकाशी फुलं ‘आकाशी’ म्हणते तेव्हा साडीचा रंग डोळ्यासमोर असतो. बागेत प्रत्यक्ष पाहिलं तर तसा एकसारखा निळा नव्हताच. पाकळीवर जाळी विणल्यासारखी, गडद आणि फिकट चौकटी. मी किती वेळ उभी होते, यांनी दोनदा हाक मारली.

१,००० टोपल्या वाचून एकच डोक्यात आलं. त्या टोपल्या पाठीवर घेऊन चेरापुंजीचा कडा उतरला कोण? कपाळाला पट्टा लावून ओझी वाहणारे खासीच ना? त्यांना काय मिळालं असेल?

विलायती_आजी

लेकाकडे लंडनला येऊन-जाऊन असते म्हणून हे नाव, आजी मात्र खरी आहे.

सेंट ऑल्बन्सला एकदा नातवाच्या मित्राच्या वाढदिवसाला गेलो. कॅम्प रोडवर रस्ता चुकलो आणि पाटी दिसली, ‘व्हँडा क्रेसेंट’. मला वाटलं कोणा बाईचं नाव. नंतर कळलं, सँडरची काचघरं इथेच होती, त्याचीच ही आठवण. आता बैठी घरं, समोर उभ्या गाड्या, कचऱ्याचे तीन रंगांचे डबे. जिथे हजारो जिवंत आमरी उतरवल्या, तिथे एका कुंडीत जिरेनियम होता.

आता हुकरबद्दल. तुम्ही त्याला फार सोज्वळ दाखवलात, आडवाट. १८५४ मध्ये त्याने हिमालयातल्या प्रवासाची रोजनिशी छापली, ती मी वाचली आहे. त्यात निळ्या व्हँडाचं रान कुठे लागतं ते गावाचं नाव घालून लिहिलंय: लेर्नाय गावाजवळची ओकची झाडी. आणि स्वतः काय केलं? सात माणसांची ओझी भरून ती क्यूसाठी तोडून आणली. त्यातली फारच थोडी जिवंत पोचली. नुसत्या फुलांचे ३६० घोस व्हरांड्यात ओतले तर कमरेएवढे तीन ढीग झाले.

पुढचं ऐका. एका गृहस्थाने आपला माळी हुकरबरोबर जागा बघायला पाठवला होता. त्याने एका माणसाचं ओझं विलायतेला धाडलं. अर्धमेलं पोचलं तरी ३०० पौंडांना विकलं, एकेक रोप ३ ते १० पौंडांना. आणि हुकर वर हिशोब मांडतो, की चलाख संग्राहकाला खासीच्या आमरींतून एका हंगामात २,००० ते ३,००० पौंड सहज सुटतील! घरच्या पत्रात रडायचं आणि छापील पुस्तकात गावाचं नाव, भाव आणि नफा तिन्ही द्यायचं. याला आमच्या वेळी चोराला वाट दाखवणं म्हणत.

आडवाट

आजी, दंडवत. हुकरच्या पुस्तकातली ती तळटीप मी विसरलोच होतो.

आणि हे लक्षात घ्या, हुकर पैशासाठी करत नव्हता. तो शास्त्रज्ञ होता, शास्त्रज्ञाचं काम जागा नोंदवणं. अचूक जागा लिहिली तर दुकानदार येतात. खोटी लिहिली तर शास्त्र बिघडतं. बाईच्या सपातीसारखं फूल असलेली एक आमरी (पॅफिओपेडिलम फेअरीॲनम) १८५७ मध्ये लंडनच्या लिलावात ‘आसाम’ एवढ्याच पत्त्यावर विकली गेली. पुढे काचघरांतली रोपं मरत गेली आणि परत कोणाला मिळेना. सँडरने १,००० पौंडांचं बक्षीस लावलं. अखेर १९०४-०५ च्या सुमारास सापडली भूतानकडच्या डोंगरात, इंग्रजांची तिबेटवर स्वारी चालू होती त्या दिवसांत. ‘आसाम’ म्हणजे किती मोठा पत्ता! कोणी ‘महाराष्ट्रात राहतो’ म्हणून पाकिटावर लिहावं तसं.

पाखरू

आमच्या पाखरांकडेही हेच. आल्फ्रेड वॉलेस १८५८ मध्ये न्यू गिनीत दोरे या जागी गेला, कारण तीस-पस्तीस वर्षांपूर्वी लेसन या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाला तिथे स्वर्गीय पक्ष्यांच्या बऱ्याच जाती मिळाल्याची नोंद होती. महिनोन्‌महिने राहून वॉलेसच्या लक्षात आलं की लेसनने त्यातली दुर्मीळ पाखरं तिथे मारली नव्हती, विकत घेतली होती. ती दूरच्या गावांतून तिथे येत. म्हणजे तो पत्ता रानाचा नव्हता, बाजाराचा होता!

त्यात घोट्याला जखम होऊन वॉलेस झोपडीत पडलेला. तेवढ्यात ‘एट्ना’ हे डच जहाज कोळशाची वाट बघत बंदरात मुक्काम ठोकून बसलं. जहाजावरच्या रोझेनबर्ग या जर्मनाने पाखरं मारायला आणि सोलायला दोन माणसं सोबत आणलेली. शिवाय तिदोरचा राजपुत्र आणि बांदाचा डच अधिकारी, दोघेही पाखरांचे गिऱ्हाईक. गावकरी जे धरतील ते थेट जहाजावर. हा पाय चोळत बसलेला. त्याचा एक माणूस तिथेच हगवणीने गेला.

वॉलेसचे किडे आणि पाखरं लंडनमध्ये विकणारा सॅम्युएल स्टीव्हन्स. त्याच्या भावाचं कोव्हेंट गार्डनजवळ किंग स्ट्रीटवर लिलावघर होतं, तिथे पाखरांची कातडी, शिंपले, भुंगे आणि आमरीही विकल्या जात. भुंगा असो की फूल, हातोडा तोच.

सह्यकडा

चर्चा रंगलीये, पण मला एक सांगायचंय आणि ते आडवाटना लागेल. पत्ता लपवायचा कोणापासून? शहरातल्या माणसापासून. तुमचं ते झाड ज्या वाडीच्या हद्दीत आहे तिथल्या गुराख्याला ते लहानपणापासून माहीत आहे. मिकोलिट्झला कवट्यांची जागा सापडली म्हणता, गावाला ती हरवलेली नव्हतीच. आणि आज पावसाळ्यात घाटातल्या रस्त्यावर आमरी सोलून, सुतळीने बांधून विकायला ठेवतात, मी स्वतः पाहिलंय. गाड्या थांबवून घेणारे आपल्यासारखेच. गोऱ्यांना नावं ठेवून काय उपयोग?

आडवाट

लागलं. थोडं बरोबरही आहे.

गावकऱ्याला माहीत असतं, हे शंभर टक्के. पण माहीत असल्याची किंमत त्याने काय मोजली तेही बघा. बोलिव्हियात मानुएल इन्क्रा ममानी या आयमारा माणसाने चार्ल्स लेजर या इंग्रजाला उत्तम क्विनाइन देणाऱ्या सिंकोनाचं बी काढून दिलं. ते बी १८६५ मध्ये युरोपात पोचलं, थोडंसं डचांनी विकत घेतलं आणि त्यावर जावामध्ये मळे उभे केले. झाडाला लेजरचं नाव मिळालं. ममानीला पुढे बी बाहेर दिलं म्हणून पकडून मारहाण झाली, त्यात तो गेला. @चेरापुंजी_रिटर्न, टोपल्या वाहणाऱ्यांचं तुम्ही विचारलंत, त्यांची नावं हुकरच्या पत्रात नाहीत. जेंकिन्सचं आहे, लॉबचं आहे.

राहिला पत्ता लपवण्याचा उपयोग. २०१० मध्ये व्हिएतनाममधली पॅफिओपेडिलम कान्ही ही नवी जात प्रसिद्ध झाली. काही महिन्यांतच तिच्या मूळ जागेवरची रोपं जवळजवळ सगळी उपटली गेली. कपाळाला पट्टा नाही, लिलावघर नाही, फोन पुरला. तेव्हा मी माझ्या परीने एक दार बंद ठेवतो. गुराखी रोप काढून बंगलोरला कुरियर करत नाही. गाडी थांबवणाऱ्यांबद्दल तुम्ही म्हणता ते खरंच आहे, म्हणूनच तर सांगत नाही.

कुंडीवाला

रस्त्यावरच्या सुतळीवाल्या रोपांबद्दल: घेऊ नका. नीती बाजूला ठेवा, ती जगतच नाहीत. सालीसकट ओढून काढलेली असतात, मुळं तुटलेली. शिवाय निळी व्हँडा, लाल व्हँडा (रेनॅन्थेरा) आणि सपातीवाल्या आमरी वन्यजीव कायद्याच्या यादीत आहेत, त्या रानातून आणणं गुन्हा आहे. हौस असेल तर दोनशे-तीनशे रुपयांत काचेच्या बाटलीत बियांपासून वाढवलेली रोपं मिळतात. सँडरने तेवीस माणसं लावून जे केलं ते आज बाटलीतल्या आगर नावाच्या जेलीच्या थरावर होतं. फूल यायला पाच-सात वर्षं लागतात, तेवढा दम धरा.

तिरका_डोळा

पाच-सात वर्षं? त्यापेक्षा कवटी परवडली.

चेरापुंजी_रिटर्न

@आडवाट, नावं नाहीत म्हणालात ते वाचून त्या गाडीवाल्या मुलाचं नाव आठवायचा प्रयत्न केला. चार वर्षांत दहा वेळा तरी त्याच्याबरोबर फिरलो असू. नाही आठवलं. ह्यांना विचारलं, त्यांनाही नाही.

पाऊसपाणी

सगळं वाचलं, सगळं पटलं. आता खरं सांगा, तो पहिल्या पावसातला गुलाबी घोस कुठला? कोणाला सांगणार नाही, आईशप्पथ.

आडवाट

आईनाच्या झाडावरचा.